विहिणीच्या घरची पावडर

मळ्यातली वस्ती, पलूस
१३ डिसेंबर २०२४

अनसूयाबाई विहीणबाईंना साळूबाईचा रामराम.

परवा तुमचा फोन आला तवा मी नुसती व्हय व्हय करत होते. ऐकू काही आलं न्हाई. त्या फोनात माणूस डब्यात कोंडल्यागत बोलतो. ऋषिराज म्हणतो, आजी, कानात मशीन घाल. म्हणलं, माझ्या कानात काय घालायचं ते मी ठरवीन. तर तुमाला जे सांगायचं असंल ते कागदावर सांगत जावा. शाळा माझी तिसरीतच सुटली, पण पुढं साक्षरता वर्गात बसले होते. तिथली बाई म्हणायची, साळूबाई, तुमचं अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत हाय, पण लागतंय. तेवढं लागलं म्हंजे झालं.

दिवाळीत काय झालं ते तुमच्या लेकीनं सांगितलंच असंल. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी चिमणीची धार काढायला बसले आणि उठता येईना. चिमणी म्हंजे आमची म्हस. जन्मली तवा चिमणीएवढी होती, आता दारात मावत न्हाई. बादली भरली, म्हस मोकळी झाली, मी आपली तिथंच उकिडवी. माझ्या लालानं, तुमच्या जावयानं, मागनं येऊन काखेत हात घालून पोत्यागत उचललं. समद्यांच्या देखत. लाजेपेक्षा राग जास्त आला.

लाला मिलिटरीतनं सुटला, पण मिलिटरी त्याच्यातनं सुटली न्हाई. सांगलीत बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो आणि घरात हुकूम सोडतो. जेवताना म्हणला, गुढीपाडव्यापर्यंत बघतो. तोवर कुणी हात न देता धार काढून उठता आलं तर राहा मळ्यात. न्हाईतर म्हस बाजारात आणि तू सांगलीला. सांगलीला त्यांची तिसऱ्या मजल्यावर जागा हाय. लिफ्ट हाय, गॅलरी हाय. मी गॅलरीत काय करू? वाळत घातलेल्या कपड्यांशी बोलू?

दुसऱ्या कुणाला ही म्हस पान्हा सोडत न्हाई. माझ्याशिवाय तिला धार काढणारं माणूस न्हाई आणि तिच्याशिवाय मला उठायचं कारण न्हाई. एवढंच हाय. ह्यात रडण्यासारखं काही न्हाई, पण मी मळा सोडणार न्हाई.

पलूसच्या डाक्टरानं गुडघ्याचा फोटो काढला. म्हणला, आजी, हाडांमधली गादी झिजलीय. म्हणलं, मग कापूस भरा. हसला आणि गोळ्या दिल्या. मी एरंडाचं पान तेल लावून गरम करते आणि गुडघ्याला बांधते. चुलीत वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकते. शेकानं घटकाभर मोकळं होतं. दुखणं जात न्हाई, नुसतं बाजूला सरकून बसतं.

खरं सांगायचं तर दिवाळीपासनं जास्तच झालंय. गोठ्याच्या भिंतीला पाठ घासत घासत उठते. पाठीचं लुगडं फाटलं. हे संयोगिताला बोलू नका. तुमची लेक गुणाची हाय, पण तिच्या कानात पडलं म्हंजे लालाच्या कानात पडलंच.

तुमचीबी मनगटं आणि गुडघं दुखतात म्हणं. तुमी काय करता?

साळूबाई

*

सातारा
२७ डिसेंबर २०२४

ति. साळूबाई यांना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आनंद झाला. अक्षर छान आहे, उगाच नावं ठेवता.

माझं दुखणं वेगळं आहे. डॉक्टर संधिवात म्हणतात. सकाळी बोटं अशी आखडतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. गरम पाण्यात हात बुडवून बसते, मग बोटं हळूहळू माझी होतात. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून मनगटं शेकते. गोळ्या चालू आहेत. कंटाळा येतो, पण गेल्या वर्षी आपल्या मनानं बंद केल्या होत्या तेव्हा वेणीसुद्धा घालता येईना, म्हणून घेते.

एक गोष्ट आधीच सांगते, रागावू नका. संयोगिताशी फोनवर बोलताना भिंतीला पाठ घासून उठण्याचं माझ्या तोंडून निघून गेलं. आईचं मन आहे हो, लेकीपाशी बोलल्याशिवाय राहवत नाही. ती लालासाहेबांना सांगणार नाही असं म्हणाली आहे.

पण आता काळजी करू नका. सोबत ऋषिराजच्या हाती एक पाकीट पाठवते आहे. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका ही पावडर घेतात. बाहेरगावचे एक वैद्य महिन्यातून एकदा इथं एका लॉजवर बसतात, तिथं ही मोठी रांग असते. पूर्ण झाडपाल्याची आहे, केमिकल अजिबात नाही असं पाकिटावर छापलेलंच आहे. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर कोमट पाण्यात घ्यायची. शेजारच्या काकू महिनाभरात अजिंक्यताऱ्यावर फिरायला जायला लागल्या.

मी माझं पाकीट अजून फोडलेलं नाही. पहिला मान विहिणीचा. तुम्हांला कसा गुण येतो ते कळवा, मग मीही सुरू करीन.

तुमची
अनसूया

*

मळ्यातली वस्ती, पलूस
१४ जानेवारी २०२५

विहीणबाईंना रामराम. तीळगूळ घ्या, गोड बोला.

पावडर पोचली. तुमच्या पावडरीनं मला लय गुण आला. गुडघं हलकं झालं. चिमणीची धार काढून सरळ उठते, भिंत लागत न्हाई. विहीण असावी तर अशी. लालाला आणि संयोगिताला हे जरूर कळवा, म्हंजे त्यांचा जीव खाली पडंल.

ऋषिराजच्या हाती तीळगूळ आणि हुरड्याची कणसं पाठवली हायत. तुमची लेक दिवाळीत आली होती तवा म्हणत होती, आईला हुरडा आवडतो.

बाकी ठीक.

साळूबाई

*

सातारा
१० फेब्रुवारी २०२५

ति. साळूबाई यांना कोपरापासून नमस्कार.

कोपरापासून म्हणजे खरंच कोपरापासून. माझे हात आता कोपरापर्यंत काय, खांद्यापर्यंत मोकळे झाले आहेत.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी पाकीट फोडलं. म्हटलं, साळूबाईंसारखी बाई, जी माझ्या लेकीच्या पोळीलाही कधी चांगली म्हणत नाही, ती गुण आला म्हणते म्हणजे आलाच असणार. आणि काय सांगू! चार-सहा दिवसांत सकाळची बोटं सुटली. कठडा न धरता जिना चढते. आमच्या भजनी मंडळात टाळ मी वाजवते आता. डॉक्टरांच्या गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. झाडपाल्यानं बरं होत असेल तर ते विष पोटात कशाला घालायचं?

भूक तर अशी लागते की दुपारी दोनदा जेवते. बांगड्या आवळ झाल्या, सोनाराकडून कापून घ्याव्या लागल्या. चेहरा भरला आहे, गाल वर आले आहेत. मंडळातल्या बायका म्हणतात, अनसूयाबाई, तुम्ही तर नव्या नवरीसारख्या दिसता. झोप मात्र जरा कमी झाली आहे, पहाटेच टक्क जागी होते. हातावर कुठंही लागलं की काळंनिळं पडतं, पण ते वयानं असेल. साखर थोडी वाढली म्हणून गोड बंद केलं आहे. तुमचा तीळगूळ मात्र संपवला, फार सुरेख झाला होता.

आणि तुमच्यासाठी खुशखबर. तुमचं पत्र मी संयोगिताला फोनवर जसंच्या तसं वाचून दाखवलं. लालासाहेब बाजूलाच होते. म्हणाले, आई सरळ उठते तर मग प्रश्नच मिटला, म्हैस राहू दे. म्हणजे तुमचं सांगलीला जाणं टळलं. दोघींचंही भलं झालं की नाही?

पुढच्या महिन्यात वैद्य येतील तेव्हा दोघींसाठी आणून ठेवते.

तुमची
अनसूया

*

मळ्यातली वस्ती, पलूस
१८ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई, हे पत्र पोचायच्या आधी लाला तुमच्या दारात आला असंल. तरीबी लिहिते, कारण त्याला समदं नीट सांगता येणार न्हाई. तो हुकूम सांगतो, कारण सांगत न्हाई.

तुमचं पत्र काल आलं. भामाबाईला वाचून दाखवलं. ही शेजारच्या वस्तीवरची, माझ्याच वयाची. बांगड्या कापल्या, गाल वर आले, भूक लागते, काळंनिळं पडतं, असं वाचत गेले तसं तिचं तोंड उतरलं. मला म्हणली, साळे, ही तर माझीच गोष्ट हाय.

दोन वर्षांमागं भामाबाईनं बाजारात बसणाऱ्या एका बाबाकडनं अशीच झाडपाल्याची पावडर घेतली होती. पहिल्यांदा वासरागत पळायला लागली. तोंड फुगलं. आमी म्हणलं, बाई अंगानं भरली. मग पावडर संपली आणि बाबा आला न्हाई, तशी ती अंथरुणातनं उठंना. ओकाऱ्या, चक्कर, पाण्याचा घोट ठरंना. सांगलीला दवाखान्यात टाकली. तिथल्या डाक्टरानं सांगितलं, असल्या पावडरीत लय ताकदीची इंग्रजी गोळी कुटून घालतात, स्टेराइड का काय म्हणतात ते. वाचली, पण अजून काठीवर हाय.

म्हणून तुमची पावडर मी खाल्ली न्हाई. एक चिमूटबी न्हाई. पाकीट मिठाच्या बरणीमागं तसंच पडलंय. माझ्या पाल्यानं, माझ्या विटेनं एवढ्या वर्षांत मला असा गुण कवा दिला न्हाई. महिन्याभरात म्हातारी किल्ल्यावर चढती म्हंजे त्यात पाल्यापेक्षा दुसरंच काहीतरी हाय, एवढं मला कळलं.

मग गुण आला म्हणून का लिहिलं? एक तर, विहिणीच्या घरनं आलेल्या वस्तूला नाव ठेवायचं न्हाई, असं सासूनं शिकवलं. विरलेलं लुगडं आलं तरी डोळ्याला लावून झकास म्हणायचं. आमच्यात तशीच रीत हाय, तुमच्यातबी असंल. दुसरं कारण जरा वाईट हाय. तुमच्या पोटात गोष्ट राहत न्हाई. तुमाला गुण आला म्हणून लिहिलं की ते सांगलीला पोचणार, आणि लाला म्हशीचा विषय सोडणार, हे मला ठावं होतं. तसंच झालं. फक्त तुमीबी ते खरं मानून खायला लागाल, हे माझ्या डोक्यात आलं न्हाई. मला वाटलं, पहिला मान मला म्हंजे काही झालं तर पहिली मी. तुमी हुशार, आधी विहिणीवर बघताय, मग मीही सुरू करीन हे नुसतं बोलायचं म्हणून लिहिलंय, असंच मी समजत होते.

काल पत्र वाचल्यावर पोस्टानं चार दिवस जातील म्हणून आप्पासोच्या घरी गेले. आप्पासो म्हंजे आमच्या बांधाचा शेजारी. म्हणलं, लालाला फोन लाव. मला ऐकू येत न्हाई, तू ऐक आणि माझ्या कानात ओरडून सांग. समदी वस्ती गोळा झाली. मी ओरडून पावडरीचं सांगितलं, भामाबाईचं सांगितलं. म्हणलं, आत्ता उठ आणि साताऱ्याला जाऊन सासूला दवाखान्यात ने. तो पलीकडनं काहीतरी बोलला. आप्पासो सांगायला लाजत होता. म्हणलं, सांग की.

"लाला इचारतोय, मग तुझ्या गुडघ्याचं काय? ते बी खोटंच का?"

"खोटंच," म्हणलं. "तू आधी साताऱ्याला जा. माझ्याकडं पाडव्याला ये, टेम्पो घेऊन यायचा तर टेम्पो घेऊन ये."

फोन ठेवला. आप्पासोच्या बायकोनं चहा केला, पण मला पिऊ वाटंना. बसले तशीच भिंत शोधत उठले.

तर विहीणबाई, ती पावडर उकिरड्यात फेकून द्या. तिथं म्हस-कोंबडी जाणार न्हाई अशी बघा. मंडळातल्या बायकांना सांगा. लाज वाटली तरी सांगा. मी लाज घालवून बसलेच हाय, तुमी कशाला मागं राहता.

साळूबाई

*

सातारा
६ मार्च २०२५

साळूबाईंना नमस्कार.

थोडंच लिहिते. हात पुन्हा आखडले आहेत आणि मला तुमचा रागही आला आहे.

लालासाहेब त्या दिवशी संध्याकाळी आले आणि मला हॉस्पिटलात घेऊन गेले. साखर इतकी वाढली होती की नर्सनं मशीन दोनदा तपासलं. डॉक्टरांनी पाकीट हातात घेतलं, उलटं-पालटं केलं, कुणी बनवलं, कुठं बनवलं, काही छापलेलं नाही. म्हणाले, लक्षणं स्टेरॉईडचीच आहेत. तुमचं पत्र मागाहून आलं, त्यात फेकून द्या असं होतं. मी तर तेव्हाच फेकणार होते. डॉक्टर म्हणाले, एकदम बंद केलंत तर कोसळाल, भामाबाई तशीच कोसळली असणार. मोजून दिलेल्या गोळ्या आहेत, त्या हळूहळू कमी करायच्या. म्हणजे तुमचंही सगळंच बरोबर होतं असं नाही.

सूज उतरते आहे. दुखणं मात्र व्याजासकट परत आलं. आधीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, त्यांचा गुण यायला महिने लागतील. मंडळात जाऊन सांगितलं. दोघी लगेच डॉक्टरांकडे गेल्या, एक माझ्याशी बोलायची बंद झाली. तिचं दुखणं थांबलं होतं ना, तिला मीच वैरी वाटले. मला तिचा राग येत नाही. त्या महिनाभरात मीही कुणाचं ऐकलं नसतं.

पण साळूबाई, तुम्ही एका ओळीत लिहिलं असतंत की मी ही खाणार नाही आणि तुम्हीही खाऊ नका, तर? रीत म्हणे. तुमची रीत माझ्या अंगावर सुजून आली. आता रीतच मोडायची तर ऐका. तुमचा तीळगूळ दगड होता. माझा दात हलला. मी सुरेख म्हणाले.

राग बाजूला ठेवून एक सांगते, कारण हे मला इथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं आणि तुम्हांला कुणी सांगणार नाही. तुमचं दुखणं झिजेचं आहे, ते जाणार नाही. माझंही पुरतं जाणार नाही. ते जाईल आणि मग आपण कामाला लागू, असं म्हणत बसायचं नाही. दुखून बसायची वेळ येण्याआधीच बसायचं, आणि बसून आखडण्याआधी उठायचं. मांडीचे स्नायू घट्ट केले तर गुडघ्यावरचा भार कमी होतो. खाटेवर बसून पाय सरळ करायचा, धरून ठेवायचा, सोडायचा. गोळी दुखणं डोक्यावर बसल्यावर नाही, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, जेवून घ्यायची. शेक चालू ठेवा, शेकाला ती चांगलंच म्हणाली. आणि उकिडवं बसणं बंद. बंद म्हणजे बंद.

म्हशीचं काय करायचं ते मला माहीत नाही. लालासाहेब पाडव्याला टेम्पो घेऊन येणार आहेत. मी तुमच्या बाजूनं लेकीला काही सांगणार नाही आणि विरुद्धही सांगणार नाही. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणता ना, ही ठेवून दाखवते.

अनसूया

*

मळ्यातली वस्ती, पलूस
२ एप्रिल २०२५

अनसूयाबाईंना साळूबाईचा रामराम.

तुमचा राग बरोबर हाय. मी त्यावर काही लिहीत न्हाई. उत्तर उशिरा लिहिते, कारण पाडवा होईपर्यंत सांगण्यासारखं काही नव्हतं.

उकिडवं बसणं बंद म्हणलात. सोपं सांगितलंत. जन्मभर धार काढली ती उकिडवी बसून, बादली दोन गुडघ्यांत आवळून, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून. स्टुलावर बसलं तर बादली गुडघ्यांत बसत न्हाई, हात वरनं जातो आणि कपाळ भलतीकडंच टेकतं. आप्पासोकडनं एका जुन्या लाकडी खुर्चीचे पाय कापून घेतले. पहिल्या दिवशी ती खुर्ची बघूनच चिमणी फुरफुरली. पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशी लाथ मारून बादली लांब उडवली. म्हणलं, तुझा माझा काय दावा हाय का?

मग खुर्चीवरनं धार काढायचं सोडून दिलं आणि नुसतीच बसायला लागले. ती वैरण खाईल तवा मी त्या खुर्चीवर तिच्याजवळ बसायची. शेंगा सोलायची, भाजी निवडायची. धार तेवढी पहिल्यागतच, मरत मरत, उकिडवी. तुमची बंदी मी तवा पाळली न्हाई, सांगून टाकते. चार दिवसांनी खुर्चीतनंच कासेला नुसता हात लावला. काढलं काही न्हाई. ती मान वळवून बघायची आणि परत खायची. असं करत करत शिमग्यानंतर एका सकाळी तिनं खुर्चीवरच्या मला पान्हा सोडला. बादली पालथ्या घमेल्यावर ठेवली होती. तिनं निम्मी सांडली. निम्मी माझी.

पण लालानं अट घातली होती ती उठायची. धार काढायची कुणी अडवली नव्हती. खुर्चीतनं उठायलाबी पहिल्यांदा दम लागायचा. तुमच्या त्या पोरीचा व्यायाम करते. खाटेवर बसून पाय उचलायचा, धरायचा, सोडायचा. हे कसलं काम, ह्यात ना दाणा निघतो ना गवत. भामाबाई बघून हसते. तरी करते. पलूसच्या डाक्टराकडं परत गेले. त्यानं सांगितलेल्या वेळेला गोळी घेते, तुमी सांगितलं तशी जेवून. विटेनं सकाळी धारेच्या आधी शेकते, पहिलं धारेनंतर शेकायची. एवढा एक बदल माझ्या मनानं केला आणि तो लय कामाला आला. सगळं डाक्टरच सांगतात असं न्हाई.

पाडव्याला लाला आला. टेम्पो घेऊनच आला. संयोगिता आणि ऋषिराज मागनं मोटरसायकलवर. ड्रायव्हरला बांधावर बसवून लाला गोठ्यात आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला, तपासणीला आल्यागत. मी धार काढली. चिमणीला टेम्पोचा वास आला असंल, कान मागं टाकून उभी होती, पण पान्हा सोडला. बादली बाजूला ठेवली आणि मग उठायला लागले.

लगेच उठता आलं न्हाई, विहीणबाई. पहिल्यांदा पुढं सरकले, मग दोन्ही हात मांड्यांवर टेकवले, मग श्वास घेतला. मधे थांबले. लालाचा हात पुढं आला. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. हात मागं गेला. संयोगितानं तोंडाला पदर लावला होता. मी उठले. उभी राहिले तवा गुडघा कडाडला, तो टेम्पोवाल्यालासुद्धा ऐकू गेला असंल.

"लय वेळ लावलास आई," लाला म्हणला.

"वेळ माझा हाय," म्हणलं. "तुझा जातोय का?"

तो खुर्ची उचलून उलटी करून बघत बसला. पाय कुठं कापलेत, डगमगती का, खालनं रबर लावलंय का. लहानपणापासनं ह्याचं असंच हाय. हरला की वस्तू तपासतो. मग म्हणला, एक पाय आखूड हाय, पडशील, आणि ऋषिराजला तासणी आणायला पाठवलं. टेम्पो रिकामा गेला. ड्रायव्हर जेवून गेला, पुरणाच्या पोळ्या नको इतक्या खाल्ल्या.

पण फुकट सोडलं न्हाई त्यानं. संध्याकाळची धार आता आप्पासोची सून काढणार. चिमणीला तिची सवय लावायची. मला पटलेलं न्हाई. तीन दिवस झाले, ती पोरगी बसली की मी गोठ्याच्या दारात उभी राहून तिच्या चुका बघते आणि बोलते. ती म्हणली, आजी, तुमी आत जावा. तरी संध्याकाळी गुडघा कमी ठणकतो हे खोटं कशाला बोलू? खोटं बोलायचं मी सध्या बंद केलंय.

तुमी गोष्ट पोटात ठेवलीत ते कळलं मला. लेकीला तुमी खरंच काही सांगितलं न्हाई. तिनंच मला सांगितलं, आई आता काही विचारू देत न्हाई.

मे महिन्यात इकडं या. साताऱ्यापेक्षा इथं ऊन जास्त हाय, तुमच्या बोटांना बरं पडंल. चालायला आमची पाणंद हाय, सकाळची मोकळी असते. भामाबाई काठी घेऊन चालते, तुमी तुमच्या गतीनं चाला, मी माझ्या. येताना औषध आणू नका. लाडूबिडू आणलेत तर कसे झालेत ते तोंडावर सांगीन, मग मागनं रडायचं न्हाई.

माझा गुडघा अजून दुखतोय. आज सकाळी लय दुखला. तुमचीबी बोटं सकाळी आखडत असतील. आखडू दे. गरम पाणी हाय, गोळी हाय, तुमी हाय. चिमणी ओरडायला लागली, थांबते.

साळूबाई